वांगणीचा पेरू आणि अक्काच्या बरण्या

बदलापूर गेले की कर्जत लोकल मोकळी होते. उभे राहून पाय भरलेली माणसे तिथे उतरतात, उरलेल्यांना बसायला जागा मिळते आणि खिडकीतून वारा येऊ लागतो. उजव्या हाताला चंदेरीचा सुळका दिसतो, त्याच्या पुढे माथेरानची रांग. डावीकडे झाडीआड कुठेतरी उल्हास नदी वाहत असते. पुढचे स्टेशन वांगणी. मुंबईहून हा पावणेदोन-दोन तासांचा प्रवास आहे. बदलापूरपर्यंत गाड्या पुष्कळ, त्यापुढे जाणाऱ्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावर बसून राहायचे. त्यामुळेच इथली जागा बरीच वर्षे स्वस्त राहिली आणि त्यामुळेच आपल्यासारखी माणसे इथे येऊ शकली.

वांगणीचे नाव वर्तमानपत्रात येते ते क्वचित. २७ जुलै २०१९ रोजी आले होते. उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर व वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हा. आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनी बोटी आणल्या, आसपासच्या गावकऱ्यांनीही हात दिला आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. नंतर १७ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा आले. अंध आईचा हात धरून चाललेले लेकरू याच स्टेशनात रुळांवर पडले, समोरून गाडी येत होती आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला उचलले. रेल्वेने दिलेल्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी त्या मायलेकरांना दिला. एरवी वांगणी माहीत आहे ती आकाशाकडे बघणाऱ्यांना. मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे रात्रीच्या आकाशदर्शनासाठी लोकांना इथे घेऊन येते.

पेरूसाठी मात्र वांगणीचे नाव कोणी घेत नाही. या पट्ट्यात फळाचा मान जांभळाला, तोही बदलापूरच्या. उन्हाळ्याच्या शेवटी ठाकूर आणि कातकरी समाजाच्या बायका पानांच्या द्रोणांत जांभळे, करवंदे घेऊन स्टेशनांवर बसतात. पेरू असतो तो घराघरांच्या परसात. एक झाड, फार तर दोन. बाजारात न्यावे इतके फळ नाही आणि घरात संपावे इतके कमीही नाही. याच अडचणीबद्दल आज लिहायचे आहे.

आमची अक्का वांगणीला राहायला गेली १९९५ साली. दाजी गोदीत कामाला होते. वरळीच्या चाळीत दहा बाय सोळाच्या खोलीत सात माणसे. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी इथे दीड गुंठा जागा घेतली. दीड गुंठा म्हणजे सोळाशे चौरस फुटांच्या आसपास. त्यात तीन खोल्यांचे घर, पुढे ओटा आणि मागच्या बाजूला मोकळी माती. सगळे आयुष्य फरशीवर गेलेल्या माणसाला मोकळ्या मातीचे काय करावे ते आधी कळेना. वर्षभर तिथे फक्त कपडे वाळत होते. मग पुढच्या पावसाळ्यात दाजी एका रोपवाटिकेतून पेरूचे कलम घेऊन आले. वांगणी-नेरळच्या बाजूला रोपवाटिका पुष्कळ आहेत, श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी त्या शोभेची झाडे ठेवतात. दाजींनी मागितला पेरू. कोणता पेरू, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "गोड."

रोपवाटिकेवाल्याने दिले ते कलम लखनौ ४९ चे होते. नाव लखनौचे असले तरी ही जात आपल्या पुण्याची आहे. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी देशमुख यांनी १९२७ साली अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून ती निवडली. तिलाच सरदार पेरू म्हणतात. झाड बुटके, पसरट, फांद्या जमिनीकडे झुकणाऱ्या. फळ गोल, सालीला थोडा खडबडीतपणा, गर पांढरा, चवीला गोड आणि मागाहून किंचित आंबूस. आता हातगाडीवर जाळीच्या टोपीतले मोठमोठे पेरू दिसतात ते व्हीएनआर बिहीसारख्या नव्या जातींचे. दिसायला देखणे, टिकायला चांगले, एक पेरू चौघांना पुरतो. पण वासाच्या बाबतीत त्यांनी सरदाराच्या दारात उभे राहू नये, असे माझे मत आहे.

पेरू मुळात आपला नव्हेच. तो अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांनी तो जहाजातून आणला. पेरू देशावरून त्याला हे नाव पडले असे पुष्कळांना वाटते, पण पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात आणि आपला शब्द बहुधा त्यावरून आला. गंमत अशी की हिंदीतला अमरूद हाही फारसीत नासपतीच. ज्याला त्याला हे नवे फळ पाहून जुनी नासपती आठवली. परका असूनही हे झाड इथे असे रुजले की रानात, बांधावर, उकिरड्यावर, मोरीच्या पाण्यावर कुठेही येते. त्याला फार कोडकौतुक लागत नाही. आपल्या वस्त्यांत ते जास्त दिसते याचे कारण हेच असावे.

दाजींनी खड्डा खणला तो दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. खाली पालापाचोळा, वर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वांगणीला पावसाळ्यात चार महिने पाणीच पाणी आणि एप्रिल-मेमध्ये बोअरला थेंब नाही. आंब्याचे कलम असते तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत मेले असते. पेरूच्या रोपाला मात्र सुरुवातीला धुण्याभांड्यांचे पाणी पुरले. मोठे झाल्यावर तर उन्हाळ्यात त्याला पाणी द्यायचेच नसते. हे शेतकऱ्याला माहीत असते, आपल्याला माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेरूला वर्षातून तीनदा फुले येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि ऑक्टोबरच्या सुमारास हस्त बहार. फुलापासून फळ तयार व्हायला साडेचार-पाच महिने लागतात. आंबे बहाराचे फळ ऐन पावसाळ्यात पिकते. ते पाणचट लागते आणि त्यात अळ्या होतात. मृगाच्या फुलांचे फळ नोव्हेंबर ते जानेवारीत, थंडीत पिकते. ते गोड, घट्ट आणि वासाचे. झाडाची ताकद तीच असते. तीन बहारांत वाटली तर तिन्ही वेळा फळ हलके येते. म्हणून मृगाचा बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, फेब्रुवारीत चुकार फुले आली तर खुडून टाकायची. मे महिन्यात वाळक्या व दाटीच्या फांद्या छाटायच्या, आळे खणून खत घालायचे आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस पडला की नव्या पालवीबरोबर फूल येते. पेरूचे फूल नव्या फुटीवरच येते, म्हणून छाटणीला भ्यायचे नाही. पाणी नसलेल्या वस्तीला याहून सोयीचे झाड मला माहीत नाही. नळाचे पाणी भरून आणणाऱ्या बाईला "उन्हाळ्यात पाणी घालू नकोस" असे सांगणारे हे एकच झाड असेल.

आणखी एक युक्ती दाजींना एका ओळखीच्या माळ्याने सांगितली होती. सरळ वर जाणारी फांदी फळ कमी देते. तीच वाकवून, दोरीने खाली खुंटीला बांधली की तिच्यावर ठिकठिकाणी फुटवे येतात आणि त्यावर फळ धरते. दाजी गोदीतले दोरखंडाचे जाणकार. त्यांनी झाडाला अशा गाठी मारल्या की वादळात छप्पर हलले, पण फांदी सुटली नाही. २००५ च्या आणि २०१९ च्या जुलैतल्या पावसात परसात घोटाभर पाणी साचून होते. शेवगा गेला, पपई गेली. पेरू काही दिवस पाण्यात उभा राहिला तरी तग धरतो, तसा तो राहिला.

फळ लिंबाएवढे झाले की फळमाशी येते. ती सालीखाली अंडी घालते, बाहेरून टाचणीएवढा डाग दिसतो आणि आत गर वळवळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी 'रक्षक' नावाचा सापळा काढला, त्यातल्या गंधाने नर माश्या अडकतात. तो पेरूलाही चालतो. अक्का त्याच्या जोडीला जुन्या सुती लुगड्यांच्या पिशव्या शिवून फळाफळाला बांधते. माशी, पोपट आणि वटवाघूळ तिघांपासून फळ वाचते. नोव्हेंबरात झाडाकडे पाहिले तर लग्नघरच्या आहेरासारख्या रंगीत पुरचुंड्या लटकलेल्या दिसतात. उंचावरच्या फळांना ती पिशव्या बांधत नाही. ती पाखरांची.

पिशवीतले फळ पिकले की नाही ते कसे ओळखायचे, हा प्रश्न उरतो. इथे शेजारचे भाऊ कामाला येतात. वांगणीत अंध कुटुंबे बरीच राहतात. घरभाडे परवडते आणि गाडीचा मार्ग आहे, म्हणून एकामागून एक येत गेली. लोकलमध्ये किल्लीच्या साखळ्या, पासाची पाकिटे, पेने विकून ती संसार चालवतात. अक्काच्या शेजारच्या घरात असेच एक जोडपे भाड्याने राहते. भाऊ सकाळच्या गाडीला निघताना कुंपणाशी थांबतात आणि सांगतात, "ताई, मोरीच्या बाजूची खालची फांदी आज उतरवा. उद्या उशीर होईल." अक्का जाऊन पाहते तर फळ हिरव्याचे पोपटी होऊन पिवळ्याकडे झुकलेले असते. पेरूचा वास पिकायच्या आदल्या दिवशी बदलतो, असे ते म्हणतात. मी पुष्कळ हुंगून पाहिले. मला काही तो बदल कळला नाही. बोटाने दाबून पाहणे त्यांना आवडत नाही. दाबलेले फळ दुसऱ्या दिवशी तिथेच काळे पडते.

हे सगळे सुरळीत झाले की खरी अडचण सुरू होते. पूर्ण वाढलेले झाड हंगामात चाळीस-पन्नास किलो फळ सहज देते, आणि ते महिन्यात सारखे वाटून देत नाही. पंधरा दिवस दोन-दोन, चार-चार फळे येतात आणि मग एका आठवड्यात पंधरा किलो. पिकलेला पेरू घरात दोन-तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी मऊ पडतो, पाचव्या दिवशी घरभर आंबूस वास आणि चिलटे. स्टेशनबाहेर फळवाल्याला द्यावे तर तो जे देतो त्यात रिक्षाचे भाडे सुटत नाही. घरातली कामाची माणसे आठवडाभर गाडीत आणि कामावर. हाताशी असतो एक रविवार.

पूर्वी या सगळ्यावर एकच उपाय होता. वाटून टाकणे. ६ डिसेंबर जवळ आला की गावाकडची मंडळी मुंबईला येतात. दाजींचे नातेवाईक जालना जिल्ह्यातले. दादरला जाण्याआधी किंवा नंतर एक मुक्काम वांगणीला. नेमका तोच पेरूचा भर. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत गाडीत खायला चार पेरू आणि कागदाच्या पुडीत तिखटमीठ. आता त्यांतली वडीलधारी माणसे राहिली नाहीत, तरणी पोरे त्याच दिवशी परत जातात. पेरू उरू लागले, तेव्हा अक्काने बरण्या काढल्या.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी मुद्दाम मदतीला गेले होते. जे पाहिले ते लिहिते. ज्यांच्या दारात झाड आहे त्या भगिनींना उपयोग होईल.

जेलीसाठी सगळे पिकलेले पेरू घेऊन भागत नाही. जेली घट्ट होते ती पेक्टिन नावाच्या द्रव्याने आणि ते अर्धकच्च्या फळात जास्त असते. वास मात्र पिकल्या फळात. म्हणून अक्का दोन वाटे अर्धकच्चे आणि एक वाटा पिकलेले घेते. पेरू धुऊन, देठ-डोळे काढून, सालासकट पातळ चकत्या करायच्या. बिया काढायच्या नाहीत. किलोभर चकत्यांना सव्वा ते दीड लिटर पाणी घालून अर्धा तास मंद आचेवर शिजवायचे. फार ढवळायचे नाही. मग धुवट सुती फडक्यात बांधून ते गाठोडे खुंटीला टांगायचे आणि खाली पातेले ठेवायचे. रात्रभर थेंब थेंब गळू द्यायचे. इथे बायकांचा हात शिवशिवतो. गाठोडे पिळले तर रस लवकर निघतो, पण गढूळ होतो आणि जेलीचा काचेसारखा रंग जातो. अक्का गाठोडे बांधून झाल्यावर स्वयंपाकघराला कडी लावते. नातवंडांसाठी नाही, सुनेसाठी. सूनबाई चपळ आहे, तिला थेंब थेंब सहन होत नाही.

सकाळी रस मोजायचा. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. मोठ्या तोंडाच्या पातेल्यात भरभर उकळायचे, वर येणारी मळी काढत राहायची. रंग आधी पाण्यासारखा असतो, मग चहासारखा, मग एकाएकी लालसर होतो. झाले की नाही ते पाहायची खूण अशी: उलथने बुडवून आडवे धरायचे. थेंब वेगवेगळे पडत असतील तर अजून वेळ आहे. दोन थेंब कडेला येऊन एकत्र झाले आणि पापुद्र्यासारखे लोंबू लागले की लगेच गॅस बंद. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांच्यासाठी हा बिंदू १०५ अंश सेल्सिअसचा. दोन मिनिटे जास्त झाली तर जेलीचा चिवट पाक होतो. काचेच्या बरण्या आधी पाण्यात उकळून, उन्हात खडखडीत वाळवून लाकडी पाटावर ठेवायच्या. थंड कडाप्प्यावर ठेवून गरम जेली ओतली की बरणी तडकते. भरल्यावर हलवायच्या नाहीत, पूर्ण निवल्यावर झाकण घट्ट करायचे.

गाठोड्यात जो चोथा उरतो तो पुष्कळ घरांत टाकून देतात. हा मोठा अन्याय आहे. तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढला की बिया वर राहतात आणि खाली दाट गर येतो. किलोभर गराला जवळजवळ तेवढीच साखर, चिमूटभर मीठ, लिंबाचा रस आणि दोन चमचे तूप. कढईत घेऊन घोटत राहायचे. हात दुखतो, हे आधीच सांगते. मिश्रण उडते, मनगटावर चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा उलथना हवा. कडा सोडून गोळा फिरू लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचा आणि दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या. गोव्यात याच वडीला 'पेराद' म्हणतात आणि ख्रिश्चन घरांत नाताळच्या फराळात ती हवीच असते. अक्काला हे गोवा माहीत नव्हते. गोदीत दाजींच्या टोळीत एक गोवेकर होते, त्यांच्या डब्यातून ती वडी वरळीच्या चाळीत पोचली होती. अक्काने चव लक्षात ठेवली आणि पंधरा-वीस वर्षांनी स्वतःच्या झाडाच्या पेरूंची करून पाहिली.

ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी कच्च्या पेरूचे लोणचे आहे, मोहरी-तिखटाचे, कैरीसारखेच करायचे. पंधरा दिवसांत संपवायचे. शेंगदाणे-तीळ-चिंच-गूळ घालून पंचामृतही होते आणि भाकरीबरोबर ते मला जेलीपेक्षा आवडते. पण अक्काच्या लेखी ते टिकाऊ नाही, म्हणून त्याला ती मोजत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, संत्र्याच्या कितीतरी पट. उकळल्यावर त्यातले बरेच नाहीसे होते. जेलीत अर्ध्याहून अधिक साखर आहे, ती आहे म्हणूनच जेलीला बुरशी येत नाही. तेव्हा साखर कमी करून "पौष्टिक जेली" करायला जाऊ नये. पौष्टिक हवे असेल तर मुलांच्या हातात ताजा पेरू द्यावा. मधुमेही माणसांनी जेलीकडे नुसते पाहावे.

त्या रविवारी दहा किलो पेरूंच्या एकोणीस बरण्या झाल्या आणि वड्यांची तीन ताटे. वस्तीतल्या बचत गटाच्या बायका म्हणाल्या, अक्का, हे विकू या. विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी, लेबल हवे, सगळ्या बरण्यांची चव सारखी हवी. ते सगळे जमण्यासारखे आहे. पण एका झाडावर गट चालत नाही, दहा दारांत दहा झाडे हवीत. आणि वस्तीतली झाडे तर कमी होत चालली आहेत.

कारण आता वांगणी स्वस्त राहिलेली नाही. बदलापूर भरले, तशा इमारती पुढे सरकल्या. पत्र्याची घरे पाडून चार मजले चढतात. अक्काच्या ओळीतल्या पाच घरांना मिळून एक बिल्डर इमारत बांधून देतो म्हणतो. प्रत्येकाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, शिवाय काही रक्कम. दोन्ही मुलांना हे पटले आहे आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. थोरल्याला तीन मुले, धाकट्याचे लग्न जागेसाठी थांबले आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अक्काचे गुडघे गेलेत, तिला पश्चिमी पद्धतीचा संडास हवा आहे, तो नव्या घरात असेल. बिल्डरच्या माणसाने आणलेल्या नकाशात सगळे आहे. जिना, टाकी, पार्किंग. पेरूच्या जागी पार्किंग येते.

अक्का सही करणार आहे. हे तिने मला गॅसपाशी उभे राहून, मळी काढता काढता सांगितले. आवाजात काही फरक नव्हता. "तुझ्या दाजींनी जागा झाडासाठी नव्हती घेतली, पोरांसाठी घेतली होती," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण झाडाला अजून दहा वर्षं होती."

सही होण्याआधी तिने एक काम मात्र करून ठेवले होते. जूनमध्ये मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर तिने झाडाला गुट्या बांधल्या. ही कला तिला दाजींनी शिकवली होती. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षाची फांदी निवडायची. तिच्यावर बोटाच्या एका पेराएवढी साल गोल काढून टाकायची. उघड्या भागावर ओले शेवाळ गुंडाळायचे, वरून प्लॅस्टिकचा कागद आणि दोन्ही टोकांना सुतळी. चार ते सहा आठवड्यांत कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात. मग खालून कापून, पिशवीत माती-खतात लावून सावलीत ठेवायची. बी लावून आलेले झाड आईसारखे होईलच असे नाही. गुटीचे मात्र तेच झाड असते, तीच चव, तोच वास आणि फळही दोन-तीन वर्षांत. चौदा बांधल्या होत्या, अकरा लागल्या. मी गेले तेव्हा त्या अकरा पिशव्या ओट्याच्या सावलीत ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीला चिंधीची खूण होती.

एक जालन्याच्या पुतण्याला, विहिरीजवळ लावायला. तीन बचत गटाच्या बायकांना, ज्यांची घरे बैठी राहणार आहेत त्यांना. एक बुद्धविहाराच्या आवारात. एक अंबरनाथला धाकट्या बहिणीकडे. एक वरळीला नणंदेकडे, हिच्यावरून घरात बरेच हसू झाले. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या उंच इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. नणंदबाई त्यांतल्याच. ढगात राहणारी बाई पेरू लावणार कुठे? पण पेरू पिंपातही होतो. दोनशे लिटरचे पिंप अर्धे कापायचे, बुडाला भोके पाडायची, खाली विटांचे तुकडे, वर माती आणि खत, दर वर्षी छाटणी. ऊन सहा तास हवे. नणंदबाईंची गॅलरी पश्चिमेला आहे, वारा फार. अक्का म्हणाली, दोरी बांधायला मी येईन.

दोन पिशव्या शेजारच्या भाऊंच्या नावाच्या होत्या. त्यांचे घर भाड्याचे. इमारत झाली की त्यांना दुसरीकडे जावे लागेल, कुठे ते ठरलेले नाही. जागाच नाही तर दोन रोपे कशाला, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, घर मिळेल तिथे दाराशी डबा ठेवू, एक मेले तरी एक राहील. भाऊंनी पिशवीतल्या रोपाची पाने चाचपली, एक पान चुरगळून हुंगले आणि "तेच आहे" म्हणाले.

उरली ती दोन. त्यांतले एक मी डोंबिवलीला आणले आहे. आमच्या इमारतीच्या मागे कुंपणाला लागून हातभर माती आहे, तिथे सोसायटीच्या परवानगीने लावले आहे. दुसऱ्यावर अक्काने अजून खूण बांधलेली नाही. कोणाला ते विचारायचे नाही, असे तिने सांगून ठेवले आहे.

एकोणीस बरण्यांची वाटणी त्याच संध्याकाळी झाली. मला तीन मिळाल्या, दोन जेलीच्या आणि एक लोणच्याची. सहा चाळीसची गाडी पकडायची होती, थोरला स्टेशनपर्यंत सोडायला आला. निघताना अक्काने कुंपणापाशी गाठून दुसऱ्यांदा बजावले, बरण्या रिकाम्या झाल्या की धुऊन झाकणासकट परत आणायच्या. मागच्या वर्षीच्या दोन झाकणांचा हिशोब अजून लागलेला नाही.